अकरा नंबरचा बिल्ला

यादीतल्या सहाव्या ओळीवर टायपिस्टबाईंची बोटं थांबली.

मयताच्या अंगावर मिळालेल्या वस्तू. एक, लोकरी टोपी. दोन, हातमोजे, एक जोड. तीन, घराची किल्ली. चार, रुमाल. पाच, बसचा पास. सहा, चष्मा एक, घरासह.

समोरच्या बाकावर मयताची बायको बसली होती. मयत अंगानं काडीसारखा होता, म्हणून शीतगोदामात सगळे त्याला पैलवान म्हणायचे. तीही आता तसंच म्हणायला लागली होती. ‘मयत’ म्हणण्यापेक्षा बरं.

"पोरी, पैलवानाला चष्मा होता?"

"छे! सुईत दोरा तेच ओवून द्यायचे मला. तो चष्मा आमचा नाहीच, बाई. पोलिसांनी पाकिटात घालून दिला. दादा म्हणाले, दुसऱ्या कुणाचा तरी मिसळला असेल, परत करून टाक."

दादा म्हणजे पैलवानाचा थोरला भाऊ. तोही त्याच गोदामात, कामगारांच्या त्याच टोळीत.

"केलास परत?"

"कुणाला करू? पर्समध्येच पडलाय."

बाईंनी खिडकीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा. पाच वाजता सगळं संपणार होतं.

फुकट कायदेशीर मदत देणारं ते कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक पंखा. पंखा वकीलसाहेबांच्या बाजूला वळलेला. बाईंचं शिक्षण नववीपर्यंत. पण अठरा वर्षं दुसऱ्यांची मरणं टाइप करत आलेल्या माणसाला कागद कुठे खोटं बोलतो ते वासावरून कळतं.

हा कागद चौकशी अधिकाऱ्याचा होता. शनिवारी दुपारी दोनला गोदाम बंद झालं. सोमवारी सकाळी उघडलं तेव्हा दाराशी पैलवान सापडला. आत शून्याखाली वीस अंश. शेवटची ओळ अशी: ‘मयताचा बिल्ला बाहेरच्या बोर्डावर होता. म्हणजेच तो सुटी करून गेला होता व चोरीच्या उद्देशाने पुन्हा आत शिरला.’

हरकत घ्यायची मुदत आज पाचपर्यंत. त्यानंतर तो शब्द कायमचा.

"नुकसानभरपाई मिळो न मिळो," पैलवानाची बायको म्हणाली, "ते चोरीचं तेवढं खोडा. पोरगी दुसरीत आहे. वर्गातल्या एकीनं तिला सांगितलं, तुझे बाबा चोरी करताना गारठले. घरी येऊन विचारते, आई, बाबांनी काय घेतलं होतं?"

वकीलसाहेब फायलीतून वर न बघता म्हणाले, "बाई, बिल्ला बाहेर आहे. आपण काय करणार? बिल्ल्याला साक्षीला बोलवायचं?"

"बोलवू या की," बाई म्हणाल्या. "फोटो द्या तो इकडे."

सोमवारी सकाळी पोलिसांनी बोर्डाचा फोटो काढला होता, कुणी हात लावायच्या आधी. बाईंनी तो उजेडाकडे धरला, मग टेबलातलं भिंग काढलं.

"पोरी, त्या शनिवारचं पुन्हा सांग. सगळं."

"सांगितलंय चार वेळा."

"पाचव्यांदा सांग. मी म्हातारी होत चाललेय."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तीनपर्यंत येतात ते शनिवारी. आले नाहीत. सातला मी गेटवर गेले. वॉचमननं बोर्ड बघितला, म्हणाला, ‘बाहेर’च्या बाजूला अकरा नंबर लागलाय, तो बाहेर पडला, आत कुणी नाही. मी म्हटलं, एकदा उघडून बघा. तर म्हणे, किल्ली साहेबांकडे. मग तिथूनच दादांना फोन केला."

"दादा काय म्हणाले?"

"आधी काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाले, बोर्ड खोटं बोलत नाही. गेला असेल मित्राकडे. तू घरी जा."

बाईंनी ते वाक्य कागदाच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं आणि चपला घातल्या.

---

गोदामाचा सुपरवायझर उगाच नम्र होता. वकिलाच्या ऑफिसातून कुणी आलं की माणसं एक तर उद्धट होतात नाहीतर नम्र. दोन्हीचा अर्थ एकच.

"हा बोर्ड, मॅडम. दोन भाग. इकडे ‘आत’, तिकडे ‘बाहेर’. प्रत्येकाचा पितळी बिल्ला, प्रत्येकाची खुंटी. आत जाताना बिल्ला आत लावायचा, निघताना बाहेर. ‘आत’ची बाजू रिकामी दिसली की मी दार लावतो."

"आत डोकावून बघत नाही?"

"बारा रांगा आहेत, मॅडम, छतापर्यंत. डोकावून काय दिसणार? बोर्ड त्यासाठीच आहे."

"खुंटीवर नंबर, बिल्ल्यावर नंबर. कोणता बिल्ला कोणत्या खुंटीवर आहे, बघता?"

"कशाला? बाजू बघायची."

"एकाचा बिल्ला दुसऱ्यानं लावला तर?"

"त्याच दिवशी घरी. दोघंही." तो पहिल्यांदाच ठामपणे बोलला. "हा नियम मी कडक पाळतो."

दोन मुलगे हातगाडी ढकलत बाहेर आले. दाराबाहेर येताच दोघांनी चष्मे काढून खिशात घातले. बाई बघत राहिल्या.

"हे काय?"

"थंडीतून उकाड्यात आलं की काचा धुरकटतात. पाच-दहा मिनिटं काही दिसत नाही. काहीजण आत शिरतानाच काढून रॅकवर ठेवतात. विसरतात मग. आत दहा चष्मे सापडतील."

"आतून घंटा आहे म्हणे?"

"आहे ना! चालू आहे. सोमवारी अधिकाऱ्यांनी वाजवून बघितली. आतून उघडायची दांडीही चालू."

"किती वाजता बघितली दांडी?"

"साडेअकरा असतील."

"दार सकाळी आठपासून उघडं होतं. दांडीवरचा बर्फ तोवर वितळला असेल."

नम्रपणा जरा आखडला. "तसं रिपोर्टात काही नाही."

"आणि घंटा वाजते कुठे?"

"माझ्या केबिनमध्ये."

"शनिवारी दोननंतर केबिनमध्ये कोण असतं?"

त्यानं मान खाली घातली. "कुलूप असतं."

बाईंना त्या केबिनकडे बघवेना. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर घंटा. तिच्याखाली कॅलेंडर. किती वेळ वाजली असेल, कॅलेंडरलाच ठाऊक.

"त्या दिवशी दार बरोबर दोनला लावलंत?"

"आठ मिनिटं आधी. कंपनीची बस दोनला सुटते. ती गेली की सात किलोमीटर पायी."

"तुम्हीही त्याच बसनं?"

"सगळेच. थोरला तर माझ्या शेजारीच बसला होता. एक अक्षर बोलला नाही."

---

साडेतीनला थोरला कार्यालयात आला. नेहमीसारखा, वेळेआधी, चार चहा घेऊन. पैलवान गेल्यापासून तोच सगळं बघत होता. प्रत्येक तारखेला तोच, पोरीला रोज सकाळी शाळेत सोडणाराही तोच. वकीलसाहेब म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

"काय झालं, साहेब? मिळेल का मुदतवाढ?"

"बाईंना विचारा. आज त्या वकील आहेत."

थोरल्यानं गरम चहाचा पेला तोंडाला लावला. चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. त्यानं तो काढून सवयीनं वरच्या खिशात ठेवला.

"चष्मा नवा दिसतोय," बाई म्हणाल्या.

"हो. जुना हरवला."

"कधी?"

"झाले दोनेक महिने."

पैलवानाला जाऊन नऊ आठवडे झाले होते. हिशोब कुणी बोलून दाखवला नाही.

बाईंनी फोटो त्याच्यासमोर सरकवला. "दादा, अकराच्या खुंटीवर कितवा बिल्ला आहे?"

त्यानं फोटो लांब धरला. जवळ आणला. पुन्हा लांब. "अकरा."

"एकोणीस आहे."

बाईंनी भिंग फोटोवर ठेवलं.

"एकोणीस नंबर तुमचा. आणि एकोणीसच्या खुंटीवर अकरा, पैलवानाचा. घासलेल्या पितळेवर एक आणि नऊ सारखेच दिसतात, चष्मा नसला की. पैलवानानं स्वतःचा बिल्ला स्वतः लावला असता, तर सुईत दोरा ओवणारा माणूस खुंटी चुकला नसता. बरं, चुकला असं धरू. मग तुमचा त्याच्या खुंटीवर कसा? दोघं एकाच दिवशी एकमेकांच्या जागी चुकले? नाही दादा. दोन्ही बिल्ले एकाच हातात होते."

"बाई, तुम्ही काय म्हणताय..." पैलवानाची बायको उठून उभी राहिली. "दादांनी तर..."

"बस, पोरी. तुला ऐकायचंच आहे, तर बसून ऐक." बाईंचा आवाज मऊ झाला, त्यानं ती आणखीच घाबरली. "शनिवार. बस सुटायला दहा मिनिटं. दादांच्या लक्षात आलं, चष्मा आत शेवटच्या रांगेत राहिला. हे थकलेले, पैलवान चपळ. तो म्हणाला असेल, मी आणतो. आणि वेळ वाचावा म्हणून..."

"तोच म्हणाला," थोरला म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो चहाच्या पेल्याशी बोलत होता.

"तोच म्हणाला, तू बिल्ले लाव, मी आलोच. आम्ही असं करायचो शनिवारी. सगळीच टोळी करते. मी लावले आणि बस धरायला गेलो. मला वाटलं, येतोय मागून."

"बसमध्ये नव्हता तो."

"मागे बसला असेल, वाटलं."

"मागे वळून बघितलंत?"

थोरल्यानं पेला टेबलावर ठेवला.

"शेजारी सुपरवायझर होता," बाई म्हणाल्या. "त्याला विचारायचं म्हणजे सांगायचं, बिल्ला मी लावला. म्हणजे त्याच दिवशी घरी. दोघंही. तुम्ही ठरवलं की बस चुकली असेल, येईल चालत. माणूस स्वतःला काहीही पटवतो. इथपर्यंत ती चूक होती, दादा. कुणाच्याही हातून व्हावी अशी. पण सातला फोन आला."

थोरल्याचे हात गुडघ्यांवर होते. बोटं हलत होती, थंडीत हलवतात तशी.

"सातला तुम्हाला कळलं. म्हणून तर आधी गप्प राहिलात. ‘बोर्ड खोटं बोलत नाही’ हे वाक्य साऱ्या शहरात एकच माणूस म्हणू शकत नव्हता, आणि तुम्हीच ते म्हणालात. बोर्डावर खोटं तुम्हीच लिहिलं होतं."

"पाच तास झाले होते," तो म्हणाला. "मला वाटलं, आता... आणि मी सांगितलं तर माझंही घर... दोन घरं बुडण्यापेक्षा..."

"पाच तासांत माणूस मरतो का, दादा?" पैलवानाच्या बायकोनं विचारलं. अगदी साधेपणानं, दुकानात भाव विचारावा तसं. "सातला उघडलं असतं तर?"

कुणालाच माहीत नव्हतं. शवविच्छेदनाच्या कागदावर वेळ लिहिली होती: ‘निश्चित सांगता येत नाही.’ फायलीसाठी नक्कल करताना बाईंनी ती ओळ स्वतः टाइप केली होती.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "हे लेखी दिलंत तर चोरीचा शब्द जाईल. तो कामावर होता, काम आवरत होता, हे ठरेल. पण दुसरी बाजू ऐका. कंपनी लगेच म्हणेल, आमचा बोर्ड बरोबर, घंटा चालू, दांडी चालू. भावानंच भावाला कोंडलं. मी घंटेवरून लढेन, दांडीवरूनही. पण अशा केसेस मी किती जिंकल्यात ते बाईंना विचारा."

"नका विचारू," बाई म्हणाल्या.

"तुमची नोकरी जाईल. पोलीस काय करतील, सांगता येत नाही. जबरदस्ती कुणाची नाही."

"लिहा," थोरला म्हणाला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. बाईंनी कागद चढवला आणि थोरला सांगेल तसं टाइप करत गेल्या. सांगताना तो अडखळला नाही. नऊ आठवडे त्यानं हेच मनात घोकलं असावं. बाईंनी एकही शब्द सुधारला नाही. फक्त एका ठिकाणी तो म्हणाला, "मी विसरलो", तेव्हा त्या थांबल्या, आणि तो आपणहून म्हणाला, "खोडा. मी गप्प बसलो."

कागद त्याच्यासमोर आला. त्यानं नवा चष्मा चढवला, पण काचा आतून ओल्या झाल्या होत्या. काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. पुन्हा काढला.

"दिसत नाही," तो म्हणाला.

पैलवानाच्या बायकोनं पर्स उघडली. काळं, कडा झिजलेलं चष्म्याचं घर काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे सरकवलं.

"हा घाला. ह्याच्यासाठीच गेले होते ते."

थोरल्यानं तो घातला. सगळा कागद वाचला, ओळीवर बोट ठेवून. मग सही केली.

पाचला सात कमी असताना चौकशी कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनानं हरकतीवर शिक्का मारला. "यातलं चोरीचं तेवढं निघेल बहुतेक," तो म्हणाला. "बाकीचं कठीण आहे."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर पैलवानाची बायको उभी होती. थोरला पुढे निघून गेला होता, किंवा मागे राहिला होता. तिनं बघितलं नाही.

"पोरीला आज सांगेन," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी काही घेतलं नव्हतं. काकाचा चष्मा आणायला गेले होते." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "बाई, उद्या तिला शाळेत कोण सोडणार? रोज दादाच सोडतात."