कपाटसरांचं चुकलेलं गणित

जिन्याच्या वळणावर लोखंडी कपाट अडकलं होतं आणि त्याला टेकून एक तरुण कागदावर आकडेमोड करत होता!

"अहो, ढकला ना ते!" मी खेकसले. भौतिकशास्त्रात नापास झाल्याचा निकाल हातात होता, उगाच गोड बोलायची माझी तयारी नव्हती.

"एक मिनिट हं... किती जोर लावायचा, ते आधी काढतो."

मी पर्स खाली ठेवली आणि दिला कपाटाला खांदा. ढिम्म हललं नाही. पुन्हा दिला... आणि ते सर्रकन घसरत जाऊन आमच्याच दारावर आदळलं.

"बघितलंत?" त्याचे डोळे चमकले. "सुरू होईपर्यंतच जड जातं. एकदा हललं की घर्षण कमी होतं."

"माझं दार फुटलं असतं!"

दार उघडून आई बाहेर आली. पाच मिनिटांत तिने सगळी माहिती काढली – वरच्या मजल्यावर राहायला आलाय, एकटाच आहे, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मग तिने माझ्या हातातल्या निकालाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि माझं नशीब तिथेच ठरलं.

क्ष-किरण तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमात माझी जागा राखून ठेवली होती, पण फेरपरीक्षेत पास झाले तरच. नाहीतर आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात जन्मभर काजं करायची. संध्याकाळी मदतीला जात होतेच, काजं पाहून डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते.

तर रोज दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. आई पलीकडे भाजी निवडायची आणि कान इकडे ठेवायची. मी मनातल्या मनात त्याला 'कपाटसर' म्हणायचे. एकदा चुकून तोंडावरही म्हणाले. कान लाल झाले बिचाऱ्याचे, पण शिकवणं थांबलं नाही.

"उतारावर ठोकळा आहे. त्याच्यावरची सगळी बलं काढ."

मी बाण काढले.

"घर्षण कुठंय?"

"विसरले."

"अगं, घर्षण नसतं तर तुला चालता आलं नसतं!"

"तुमच्याशी होतंय तेवढं पुरे आहे मला."

आई खुदकन हसली. हा मात्र गंभीरपणे म्हणाला, "दिशा दाखव. आणि पायऱ्या गाळू नकोस." उत्तर कधी सांगायचा नाही, मेला! कितीही विनवा – "स्वतः काढ." असा राग यायचा... आणि रागाच्या भरात मी त्याच्या मनगटाकडे, पेन्सिल फिरवणाऱ्या बोटांकडे बघत बसायचे. मग पुन्हा घर्षण विसरायचे.

संध्याकाळी मी आत्याकडे निघायचे. थोड्या वेळाने तोही त्याच रस्त्याने कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाला निघायचा आणि मला गाठायचा. मग पुढचा रस्ता आम्ही वाद घालत चालायचो.

एके दिवशी तो फारच वैतागलेला दिसला. "तुझ्यासाठी खरंखुरं उदाहरण बनवत होतो. खिडकीतून तुझा वेग मोजला, माझा मोजला. हिशोबाने मी तुला पोस्टापाशी गाठायला हवं. पण रोज त्याच्या बरंच अलीकडे, इथे घड्याळवाल्याच्या दुकानापाशीच गाठतो! माझं गणित चुकत नाही गं..."

"काढा की स्वतः," मी म्हणाले आणि तोंड फिरवून हसू गिळलं.

परीक्षा जवळ आली तशी माझी झोप उडाली. नापास झाले तर काजं, पास झाले तर शिकवणी बंद. इकडे आड, तिकडे विहीर! आणि विहिरीच्या काठावर हा शहाणा पेन्सिलीला टोक करत बसलेला.

पास झाले. चांगली पास झाले. आईने वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारली. तो धावत खाली आला, निकाल दोनदा वाचला, आणि म्हणाला काय? "छान. आता तुला माझी गरज नाही." गेला निघून! मला दार आपटावंसं वाटलं, पण ते आधीच पोचे पडलेलं.

संध्याकाळी आत्याला बातमी सांगायला निघाले. पावलं हळू टाकली, आणखी हळू टाकली. मागे कुणी नाही. घड्याळवाल्याच्या दुकानापाशी सरळ उभीच राहिले. आज नाही आला तर... डोळे भरून आले. मेल्या कपाटा!

"तू थांबलीस?" मागून आवाज आला. धापा टाकत होता.

"तुमची चूक दाखवायला! तुम्ही माझा वेग कायम धरलात. तुम्ही फाटकातून बाहेर पडलात की मी हळू चालते. रोज. पहिल्या आठवड्यापासून."

मग त्या माणसाने – देवा! – खिशातून पेन्सिल काढली. मी ती हिसकावून घेतली.

"म्हणजे... याचं उत्तर..."

"मी सांगणार नाही. स्वतः काढा."

त्याचे कान लाल झाले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बोला," मी म्हणाले. "सुरू होईपर्यंतच जड जातं."

"तू मला आवडतेस," तो एका दमात म्हणाला. आणि पेपर तपासून घ्यायला आल्यासारखा माझ्या तोंडाकडे बघू लागला. "बरोबर?"

"पायऱ्या सगळ्या गाळल्यात," मी म्हणाले, "पण उत्तर बरोबर आहे."