लाल ठिपक्याचे फ्यूज

हे माझ्याच बाबतीत घडलं. मी फिजिक्सचा पदवीधर. पुरावा नसेल तर मानत नाही.

पुरावा माझ्या खिशात होता, म्हणून सांगतोय.

मे १९९१. शनिवार. जळगावची एमआयडीसी. रात्र नव्हती... भरदुपार होती.

शनिवारी आमच्या कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी लोखंड कापायच्या बॅण्डसॉची साफसफाई व्हायची. हे काम आधी हिलालभाऊ करायचा. धुळ्याकडचा माणूस. आदल्या हिवाळ्यात, साफ करतानाच मशीन सुरू झालं आणि त्याचा हात चाकात गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो संपला होता.

आमच्याकडे एक रीत होती. साफ करणाऱ्याने बोर्डावरचे तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. मग मशीन कुणालाच सुरू करता येत नाही.

पण हिलाल गेला त्या दिवशी फ्यूज बोर्डावरच सापडले होते. हिलालने काढलेच नाहीत, प्यायलेला होता, असं आमचे मालक गौतमचंद शेठ सगळ्यांना सांगत.

त्याची बायको तानुबाई शेजारच्या डाळमिलमध्ये झाडायला यायची. नवरा दारूपायी मेला, हे तिला रोज ऐकावं लागे. तो दारूला शिवत नव्हता, हे ती भेटेल त्याला सांगायची. लोक मान हलवायचे आणि पुढे जायचे.

हिलालनंतर ते काम माझ्याकडे आलं होतं. त्या शनिवारी मी फ्यूज काढून खिशात ठेवले. एक गोष्ट खटकली. बाकी सगळ्या मशीनच्या फ्यूजवर हिलालने लाल रंगाचा ठिपका दिला होता. याच मशीनचे कोरे होते.

आमचे जुने फिटर पंडितनाना तिथेच होते. त्यांना विचारलं.

"नवा शेतस त्या. इचारू नको, भाऊ," फ्यूज नवे आहेत, एवढं सांगून ते डबा घेऊन बाहेर गेले.

मी एकटाच उरलो.

दोन चाकांवरून फिरणारं पट्ट्यासारखं ब्लेड सैल केलं. ब्लेड थंड ठेवणारं टाकीतलं दुधाळ कुलंट काढलं. तारेच्या ब्रशने चाकातला कीस झाडू लागलो.

खर्र... खर्र...

थांबलो.

खर्र...

आवाज दुसऱ्या चाकाकडून येत होता.

वाकून पाहिलं. कुणी नाही. शेडमध्ये घुमत असेल, म्हटलं. ब्रश खाली ठेवला...

आवाज चालूच.

मग चाक फिरलं. थोडंसंच. साफ करताना आपण हाताने फिरवतो, तेवढंच.

खिसा चाचपला. फ्यूज होते. वीज येणं शक्यच नव्हतं.

पण खिसा जड लागला... आणि ओला.

आत सहा फ्यूज होते.

तीन मी ठेवलेले. तीन कुलंटने भिजलेले... लाल ठिपक्याचे.

म्हणजे हिलालने काढले होते. कुणीतरी नवे बसवून बटण दाबलं होतं.

ते तीन घेऊन शेठकडे गेलो. त्यांनी हातही लावला नाही.

"स्टोअरमध्ये ठेवून दे," म्हणाले. "कामाला येतील."

मी ते तानुबाईच्या हातात दिले. तिने अंगठ्याने ठिपका पुसून पाहिला. रडली नाही.

"माले माहीत व्हतं, भाऊ. आते कोन आयकी?"

कुणीच ऐकलं नाही. शेठचं मशीन दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

ती नोकरी मी कधीच सोडली. घरचा फ्यूज उडाला तर आजही आधी काढून खिशात ठेवतो. रीतच ती.

परत लावायची वेळ आली, की मात्र खिशात हात घालवत नाही...