कनेक्शन तोडण्याचं कारण

दार उघडलं तर समोर तोच. जुन्या इंटरनेट कंपनीत इतकी माणसं, पण आमच्याकडची मोडेमची पेटी परत न्यायला नेमकं त्यालाच पाठवलं होतं.

"पेटी न्यायची आहे," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

वर्षभर लाइन बिघडली की तोच यायचा, आणि हळूहळू मला लाइन बिघडल्याचं वाईट वाटेनासं झालं होतं. आज मात्र दोघंही अनोळखी असल्यासारखे उभे. पेटी एकदा गेली की त्याला या घरी यायचं काही कारणच उरणार नव्हतं. माझी सगळी पंचाईत तीच होती.

"नव्याचे नऊ दिवस म्हणतात," आतून आई बोलली. "इथे एक दिवसही धड नाही. हिच्या कॉम्प्युटरवर कालपासून नेट नाही. नव्या कंपनीचा माणूस बघून गेला, म्हणतो आमचं सगळं ठीक आहे."

"आई, हे दुसऱ्या कंपनीचे आहेत."

"नजर टाकायला कंपनी कशाला लागते?"

तो घुटमळला. मग चपला काढून आत आला.

मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. फायली जड, म्हणून कॉम्प्युटरला वायरच जोडलेली. फोनवर वायफाय छान चालत होतं, वायरीने मात्र काही येत नव्हतं. वायर बदलली, राउटर बंद करून पुन्हा चालू केला, हे सगळं मी त्याला शक्य तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं.

त्याने वाकून वायरीच्या टोकाशी दिवा लुकलुकतोय का ते पाहिलं. "वायर ठीक आहे." मग खुर्चीच्या कडेवर बसून त्याने सेटिंग उघडलं. त्याच्या मानेवर, कॉलरच्या अगदी वर, उन्हाने रापलेली एक रेघ होती... मी मुद्दाम स्क्रीनकडे बघत राहिले.

"हे बघा. इथे जुन्या कंपनीचा आयपी पत्ता हाताने भरलाय. नवा राउटर नवा पत्ता देतोय, पण कॉम्प्युटर घेत नाही."

"कोणी भरला होता?"

"मीच." तो हसला. थोडंसंच.

त्याने 'आपोआप' या पर्यायावर खूण केली, आणि अडलेलं पान उघडलं.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," असं म्हणत आई चहा टाकायला गेली. जाताना तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, जे ती कधीच ओढत नाही.

तो पेटीची वायर गुंडाळू लागला. फारच सावकाश.

"ऑफिसला सांगावं लागतं... कनेक्शन का तोडलंत? लाइन सारखी जायची म्हणून?"

"नाही."

"मग — माझं काही चुकलं?"

"मागच्या खेपेला मी नाटकाला येता का विचारलं होतं. काय म्हणाला होतात?"

"ग्राहकाबरोबर फिरताना दिसलो तर नोकरी जाईल."

"म्हणून मी ग्राहक राहिले नाही."

गुंडाळी त्याच्या हातातून सुटली. माझे कान तापले होते, पण आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. "मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "लाइन चांगली असतानासुद्धा."

त्याने सुटलेली वायर उचलून पेटीवर ठेवली.

"ही... आज इथेच राहू दे का?" त्याने विचारलं. "उद्या न्यायला येतो."

"पेटी आजच न्या," मी म्हणाले. "उद्या नुसते या."