कोरडी तार

रिसोडहून आलेली एसटी केनवडच्या फाट्यावर थांबली, तेव्हा भागिरथीनं आधी पेटी उतरवली आणि मग स्वतः उतरली. कंडक्टरनं विचारलं, "शिलाई मशीन का बाई?"

"नाही. विहिरीचं पाणी मोजायचं यंत्र."

"पाणी असन तं मोजसान!" तो हसला आणि त्यानं घंटी मारली.

साल अठ्ठ्याहत्तर. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. गुलाबचंद किराणावाल्यांची ही मुलगी नागपूरला भौतिकशास्त्र शिकली आणि भूजलाच्या खात्यात लागली. त्या काळात मुलगी अशी एकटी पेटी घेऊन हिंडते म्हटल्यावर लोक दुकानाच्या पायऱ्या उतरून बघायचे. भागिरथीला त्याचं काही वाटत नसे. मोजलेलं तेवढं खरं, बाकी गप्पा, असा तिचा साधा हिशेब होता.

वैशाखाच्या उन्हानं घसा सुकला होता. फाट्यालगत नवा हातपंप बसला होता, काळा खडक फोडून पार खोल नेलेला. तिनं दांडा हाणला आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्यायली. गार, लोखंडाच्या चवीचं.

घ्यायला आलेली आई, पानाबाई, लांबूनच ओरडली, "अवं, गाळून तं पे!"

"आई, दगडाच्या पोटातलं पाणी हे. त्यात कशाचे जीव?"

"तुले कसं माहीत, दगडाच्या पोटात काय हाय ते?" पानाबाई म्हणाली. पण लेक बऱ्याच दिवसांनी आली होती. तिनं पेटीचा एक कान धरला आणि दोघी चालू लागल्या.

तिला यंत्र घेऊन बोलावलं होतं ते विहिरीच्या भांडणासाठी. चौकातली जुनी दगडी विहीर आटली होती आणि कैलासचंद आडत्यांना ती बुजवून वर धान्याचं गोदाम बांधायचं होतं. ओव्हरसियर दौलतसिंग आला, फीत सोडली, "कोरडी" म्हणाला आणि निघून गेला. मागोमाग मुरुमाचा ट्रॅक्टर आला. तेव्हा बाया विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या. ट्रॅक्टर परत गेला, बाया उठल्या नाहीत.

सर्वांत पुढे पानाबाई. जिनं जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नाही, ती. तिचं कारण जिवाणीचं होतं. जैनांच्या घरी पाणी गाळलं की गळणं झटकून टाकत नाहीत. गाळलेल्या पाण्यानं ते उलटं धुतात, आणि ते धुतलेलं पाणी, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचं असेल त्याच विहिरीत परत सोडतात. गळण्यात अडकलेले बारीक जीव आपल्या घरी जावेत म्हणून. त्यासाठी दोन दोऱ्यांची लोटी असते. एक गळ्याला, एक बुडाला. पाण्याला टेकली की बुडाची दोरी ओढून ती अलगद पालथी करायची.

आता पाणी हातपंपाचं आलं. पंपात परत काही सोडता येत नाही. मग पानाबाईनं आणि गल्लीतल्या बायकांनी ती जिवाणी या आटलेल्या विहिरीत सोडायला सुरुवात केली. खाली सगळं पाणी एकच, असा त्यांचा विचार. ती बुजवली तर एवढे जीव मुरुमाखाली चिरडणार.

तांड्यावरची रामीबाई जैन नव्हती, तरी येऊन बसली होती. ती म्हणाली, "हे विहीर खंदली तवा आमच्या आजीनं दगड वाह्यले. आता हे म्हंते गोदाम! अन् फीत साहेबाच्या हातात, तो म्हणन ते खरं. तुह्या मशीनचा आकडा आमी बी वाचू. बजारात काट्यावरचा वाचतो तसा."

परत आलेल्या दौलतसिंगनंही मान्य केलं होतं. पाणी लागलं तर विहीर राहील, नाही लागलं तर बाया उठतील. यंत्र म्हणेल ते खरं.

"पाहा बाई," तो भागिरथीला म्हणाला, "आकडा थांबला नाही तं या बायाइले तुमीच घरी न्या."

"कबूल."

यंत्र सोपं होतं. चाकावरून तार सुटते, टोकाला पितळी नळी. किती मीटर तार गेली ते पेटीवर लाल आकड्यांत दिसतं. नळीला पाणी लागलं की दिवा लागतो आणि आकडा जागीच थांबतो.

तार सुटली. आकडे पळू लागले आणि बाया मोठ्यानं वाचू लागल्या. दिवा लागला.

"अठरा!" रामीबाईनं टाळी वाजवली. "काहून जी साहेब, तुमची फीत आंधळी होती का?"

भागिरथीनं तार वर घेतली आणि सवयीनं फडक्यानं पुसली. फडकं कोरडं राहिलं. नळीही कोरडी. फक्त थोडी कोमट, नुकत्याच अंगावरून उतरवलेल्या दागिन्यासारखी.

"ओली कायले नाही?" दौलतसिंगनं विचारलं.

तिनं नळी बादलीत बुडवली. दिवा लागला. हवेत धरली, विझला. यंत्र ठीक होतं. तिनं विहिरीत एक खडा टाकला आणि कान दिला. डुबुक झालं नाही. दगडावर आपटल्याचा आवाजही आला नाही.

तिनं पुन्हा तार सोडली. चौदा.

पुन्हा. नऊ.

बायांनी आकडे वाचायचं केव्हा थांबवलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आरसा आणा," भागिरथी म्हणाली. शेजारच्या घरातून आरसा आला. उन्हाचा कवडसा तिनं आत टाकला. तळ स्वच्छ दिसला. पाला, एक फुटकी बादली, भेगाळलेली माती, आणि तिचा खडा कुठंच नाही. तार मध्येच रिकाम्या हवेत लोंबत होती. तिच्या टोकाशी काही नव्हतं. पेटीवर दिवा लागलेला होता.

"सरका," दौलतसिंग म्हणाला. "मी सोडतो."

तीन.

त्याचा चेहरा बदलला. तार त्याच्या हातात हलकी झाली होती, खालून कुणी वजन तोलून धरावं तशी.

त्यानं तार सोडून दिली.

तार पडली नाही.

कुठं तरी शेळी ओरडली. मग दौलतसिंगनं कपाळ पुसलं आणि विहिरीकडं न बघता म्हणाला, "पाणी हाय. लिहा तुमी, पाणी हाय." त्यानं राजदूत फटफटीला किक मारली. मुरुमाचा ट्रॅक्टर पुन्हा त्या चौकात आला नाही.

बाया जिंकल्या होत्या. आनंद मात्र हळूहळू, एकमेकींकडं बघत आला. रामीबाईनं गुळाचे खडे वाटले. पानाबाईला तर नवल वाटलंच नव्हतं. ती जिवाणीची लोटी घेऊन पुढे झाली. नेहमी सगळी दोरी संपायची. आज तिनं लोटी काठाखाली हातभर नेली आणि थांबली.

"पोचली," ती म्हणाली, आणि बुडाची दोरी ओढली. पाणी पडल्याचा आवाज आला नाही. "रोज सोडलं ना मी. आपल्या घरी नसले तरी ठेवलं त्याइले नीट."

परतीच्या एसटीत भागिरथीला खिडकीची जागा मिळाली. यंत्रात कुठं तरी ओल शिरली असणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. नागपूरला खोलून बघू. मालेगाव मागे पडलं, तेव्हा राहवलं नाही म्हणून तिनं पेटी मांडीवर उघडून बटण दाबलं. तार गुंडाळलेली होती. आकडा शून्य, दिवा बंद. नळी तिनं तळव्यात धरली. काही नाही. पत्र्याला लावली. काही नाही. यंत्र शहाण्यासारखं वागत होतं. तिला हायसं वाटलं.

तिनं नळी कोरड्या फडक्यात नीट गुंडाळली आणि पेटी बंद करायला पदर सावरला. नळी पोटाशी टेकली.

दिवा लागला.

तिनं नळी दूर केली. दिवा विझला. घशात अजून त्या न गाळता प्यायलेल्या पाण्याची, लोखंडाची चव होती. बराच वेळ ती बाहेर, तापलेल्या माळाकडं बघत राहिली. मग हळूच नळी पुन्हा पोटाजवळ नेली. या वेळी टेकवावी लागली नाही. पोट अजून वीतभर लांब होतं.