दुधातला दात

धाडकन आवाज झाला आणि पुढच्याच क्षणी ती बॅडमिंटन हॉलच्या पायरीवर बसलेली होती. तोंडात रक्ताची खारट चव... आणि जीभ जिथे टेकायची तिथे दातच नव्हता! वरचा, अगदी पुढचा, हसताना सगळ्यांत आधी दिसणारा.

"कुणी... कुणी दार उघडलं?" तोंडावर हात दाबून तिने विचारलं.

"मी." एक जण गुडघ्यांवर बसून जमिनीवर काहीतरी शोधत होता. "माझंच चुकलं. थांबा... सापडला!"

तो तिथला कोच. तिची वहिनी त्याच्याकडे खेळायला यायची आणि ती आज वहिनीला न्यायला आली होती. त्याने दात अलगद उचलला, पांढऱ्या टोकाला धरून, आणि नळाखाली जेमतेम भिजवला.

"रुमालाने पुसू?" वहिनी धावली.

"अजिबात नको! मुळावरचा पापुद्रा जिवंत असतो. तो घासला गेला तर दात परत धरत नाही." त्याने कॅन्टीनमधून कपभर थंड दूध आणलं, दात त्यात सोडला आणि गाडी काढली.

"एवढं कसं माहीत?" मागच्या सीटवरून तिने बोबड्या आवाजात विचारलं. "लोकांचे दात नेहमी पाडता?"

"खेळाडूंचे पडतात हो... मी फक्त गोळा करतो."

ती हसली नाही. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचं तिचं काम. संशय घेण्यावरच तिचं पोट चालायचं. घरचे तिला फौजदार म्हणत, ते काही उगाच नाही.

डॉक्टरीणबाईंनी दात निरखला. "लवकर आणलात, हे फार बरं केलंत." हिरडी बधिर करून त्यांनी दात त्याच्या खाचेत हलकेच बसवला, आणि शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. "दोन आठवडे तार. मऊ खायचं. मग आतली नस साफ करू. धरेल असं वाटतंय... पण वचन नाही देत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सूपचा डबा घेऊन दारात हजर. तिसऱ्या दिवशीही.

"पाणी कुठेतरी मुरतंय," ती वहिनीला म्हणाली.

"अगं, सूप आहे ते!"

पण तिची तपासणी चालूच राहिली. खाताना तिला दुखलं की हा माणूस बोलता बोलता थांबतो... का? दवाखान्यात तिच्या आधीच येऊन बसतो... का? एकदा तिच्या गालावर आलेली बट सारायला त्याचा हात उचलला गेला आणि अर्ध्यावरूनच परत गेला. त्या रात्री तिला उमगलं, त्याची पावलं जिन्यावर वाजली की आपण आरशात बघतो. आणि तेव्हापासून एकच शंका तिला कुरतडू लागली. हे सगळं नुसतं अपराधीपणातून असेल तर? तार निघेल, चूक फिटेल, आणि हा पाठ फिरवेल...

तार निघाली. दात घट्ट होता. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. तो मात्र "चला, माझी सुटका झाली," एवढंच म्हणाला आणि गेला.

चार दिवस डबा नाही, फोन नाही.

पाचव्या दिवशी ती तडक हॉलवर गेली. काचेच्या दाराला हात लावला... आणि तिथेच थबकली. दार ढकललं की आत जात होतं. नुसतं आतच! आत उभ्या असलेल्या माणसाने ते बाहेरच्या कुणाच्या तोंडावर मारणं शक्यच नव्हतं.

कोच जाळी बांधत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्या दिवशी दार उघडलंच नव्हतं तुम्ही. खोटं का बोललात?"

त्याचा चेहरा पडला. "काच नुकतीच पुसली होती, दाराला आतून कडी होती... तुम्ही फोनमध्ये बघत सरळ येऊन आदळलात. आतले सगळे हसायला लागले. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तुम्ही विचारलंत, कुणी उघडलं... म्हटलं, हसायचं तर त्यांनी मला हसावं."

"आणि नंतर? नंतर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर रोज यायला निमित्त काय उरलं असतं? गुन्हेगार म्हणून का होईना... दार उघडत होतात."

"मग चार दिवस कुठे होतात?"

"खोट्याच्या आधाराने किती दिवस यायचं? खरं सांगायचा धीर गोळा करत होतो." तो ओशाळला. "झाला नाही."

तिचा राग कधीच उतरला होता, पण ती तो चेहऱ्यावर सांभाळून होती.

"एक संशय अजून आहे."

"कोणता?"

"की तुमचं माझ्यावर..."

"हो."

"अहो, वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं!"

"मधेच विचार बदलला असतात तर?"

जाळीचं दुसरं टोक तिने हातात घेतलं, आणि गाठ बांधताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, तेव्हा या वेळी हात कुणीच मागे घेतला नाही.