सातव्या बाकाची फळी

तो दिवा बंदच राहू दे, भाच्यांनो. किडे येतात, आणि मला जे सांगायचंय त्याला उजेड लागत नाही. ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे, आणि त्यातला शेवटचा तुकडा मी स्वतः हात लावून पाहिला आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझा साडू त्या रात्री फक्त सहा स्क्रू बसवायला गेला होता.

तो सुतार, मी पॉलिशवाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. धंद्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणतात. केसभर उंचसखल त्याच्या डोळ्याला खपत नाही. जेवायला बसला तरी आधी टेबल हलवून बघतो. तुमची मावशी म्हणते, हा माणूस मला बघायला आला तेव्हाही टेप घेऊन आला असेल.

आता चर्चचं सांगतो. गावातलं जुनं चर्च, दोनशे वर्षांच्या पुढचं. एक जहाज खडकावर फुटलं होतं म्हणे, त्याचीच घंटा वर टांगली आणि त्याच्याच लाकडाचे बाक केले. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाची कड एका बाजूला फुटलेली. खिडकीतल्या रंगीत काचांमध्ये एकच काच साधी, कुठल्याशा वादळात गेली, तिला जोड मिळालीच नाही. आणि दोन्ही बाजूंना सात-सात बाक. प्रत्येक बाकापुढे गुडघे टेकायची फळी. त्या चौदा फळ्या दुरुस्त करायचं काम आम्ही घेतलं होतं. त्याने लाकूड करायचं, मी पॉलिश.

तिथले घंटेवाले काका, पंचाहत्तरीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी साडूला डाव्या रांगेतल्या शेवटच्या, सातव्या बाकापाशी नेलं आणि म्हणाले, “तेरा फळ्या तुझ्या. हिला हात लावायचा नाही.”

त्या फळीत दोन खळगे होते. गुडघ्यांचे. एक बाई रोज संध्याकाळी तिथे येऊन गुडघे टेकायची. मुलगा बोटीवर कामाला गेला, तो आलाच नाही. एकेचाळीस वर्षं ती आली. उजवा पाय अधू होता तिचा, सगळा भार डाव्या गुडघ्यावर. म्हणून डावा खळगा खोल आणि उजवा उथळ. ती जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्या जागेवर कुणी बसत नाही. तिथली रीतच तशी आहे. माणूस गेलं तरी त्याची फळी बदलायची नाही.

साडू “बरं काका” म्हणाला. पण त्याचा चेहरा मला दिसत होता ना. तेरा फळ्या आरशासारख्या आणि चौदावी खड्ड्यांची. त्याला रात्रीची झोप लागली नसणार.

आणि हो, एक राहिलं. त्याच्या घरातलं. तुमचा मावसभाऊ त्या रात्रीच्या तीन वर्षं आधी घर सोडून गेला, ते का, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी सांगतो. पोराने पहिलं टेबल एकट्याने केलं होतं. एक पाय दोन मिलिमीटर आखूड झाला. साडूने गिऱ्हाइकासमोर ते टेबल उलटं केलं आणि तो पाय करवतीने कापून टाकला. पोरगा हत्यारं खाली ठेवून आत गेला. संध्याकाळी बॅग घेऊन निघून गेला. तेव्हापासून तुमची मावशी रात्री दाराला वरची कडी लावत नाही, नुसतं लोटून ठेवते. फोन करू म्हणाली की साडूचं एकच, “त्याला गरज असेल तर तो करेल.” नंबर होता, पण कुणी लावायचा नाही.

आता त्या रात्रीचं.

गेल्या नोव्हेंबरमधला दुसरा गुरुवार. शनिवारी चर्चमध्ये लग्न होतं. शुक्रवारी सकाळी मी पॉलिश लावलं नसतं तर ते वाळलंच नसतं. म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो, आजच्या आज संपव म्हणून. एका फळीचे सहा स्क्रू राहिले होते. काकांनी किल्ली दिली आणि ते घरी गेले. साडू पावणेदहाला आत गेला. पाच मिनिटांत स्क्रू बसले.

आणि मग तो निघाला नाही.

सातव्या बाकापाशी जाऊन उभा राहिला. त्याने मला नंतर सांगितलं, “मला वाटलं, मी तिचं चांगलंच करतोय. तुटकं नीट करणं, यात वाईट काय?” सुतारच असा विचार करू शकतो. त्याने फळी सोडवली. बाकावर टेकवली. रंधा काढला आणि मारायला लागला. फळी जाड होती. अर्धा-पाऊण तास लागला. दोन्ही खळगे गेले. भुश्याचा ढीग पडला पायाशी. हात फिरवला, सपाट. फळी परत लावायला तो खाली बसला. मोबाईलचा टॉर्च जमिनीवर ठेवला.

दहा चाळीस झाले होते. घड्याळ पाहिलं होतं त्याने.

चौथा स्क्रू फिरवत होता, तेव्हा पुढे वेदीजवळ आवाज झाला.

लाकडावर काहीतरी टेकल्याचा. आधी जड. मग हलका.

त्याला वाटलं, काका परत आले. हाक मारली. “काका?”

काही नाही.

मग पुन्हा. दुसऱ्या बाकापाशी. जड... हलका. थोडा वेळ शांत. मग उठल्याची कुरकुर.

तिसरा बाक. जड... हलका.

टॉर्च उचलायचा होता. हात हलेना.

कुणीतरी जागा शोधत होतं. एकेका फळीवर गुडघे टेकून बघत होतं, आणि ही नव्हे म्हणून उठत होतं.

चौथा.

पाचवा. आता लाकडाबरोबर श्वासही ऐकू यायला लागला. दमलेल्या माणसाचा.

सहावा. त्याच्या पुढचाच बाक. तो हललेला त्याने पाहिला.

मग...

मग त्याच्या हाताखालची फळी दबली. अजून दोन स्क्रू लागायचे होते, त्यामुळे ती तिकडच्या टोकाला खाली गेली. उजेडात कुणी नव्हतं. फळीवरून हात फिरल्यासारखी सळसळ झाली. मी पॉलिश लावण्याआधी फिरवतो ना, तसा. इकडून तिकडे. पुन्हा तिकडून इकडे. खळगे कुठे आहेत ते बघत होती.

तो म्हणाला, “चुकलं माझं.” म्हणाला की नुसते ओठ हलले, त्यालाही सांगता येत नाही.

फळी वर आली. भार निघाला. आणि मधल्या वाटेने तो आवाज दाराकडे गेला. जड... हलका... जड... हलका. आता पावलांचा.

कुलूप लावायचंही त्याला सुचलं नाही. रस्त्यावर आला, तर दिवे लागलेले, रस्ता रिकामा. एक सायकलवाला गेला, तेवढाच. घरी पोचला तेव्हा दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. तुमची मावशी झोपली होती. हा तसाच अंथरुणावर पडला.

बारा वाजून दहा मिनिटांनी बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

जड...

हलका.

मग काही नाही. पुढचा आवाज नाही. उठल्याची कुरकुर नाही. ऐकताय ना? या वेळी ती उठली नाही. तिला जागा मिळाली होती.

तो अंधारात डोळे उघडे ठेवून पडला होता. मला म्हणाला, “भीती तिची नव्हती रे. गावात एवढी घरं आहेत. ती माझ्याच घरी का आली, ते मला कळलं. एकेचाळीसातली तीन वर्षं आमच्याकडे झालीच होती.”

त्याने फोन घेतला. त्या वेळी, साडेबारा वाजता. पाच वेळा रिंग वाजली.

“हॅलो?”

साडूने फोन कानाशी घट्ट धरला.

“...बाबा?”

“तुझी आई वाट बघते.”

मग पोरगा म्हणाला, “आणि तुम्ही?”

साडू रडला, हे मी तुम्हाला सांगितलं असं त्याला सांगू नका. “मीपण,” म्हणाला. एवढंच. तेवढ्यात मावशी जागी झाली, तिने फोन हातातून ओढून घेतला आणि पहाटेपर्यंत सोडला नाही.

पोरगा डिसेंबरमध्ये आला. राहिला चार दिवस. आता महिन्या-दोन महिन्यांनी येतो, बापाशी जेवढ्यास तेवढं बोलतो, पण बोलतो. काकांना साडूने सगळं खरं सांगितलं. काका महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. सातव्या बाकाची फळी आजही सपाट आहे. मी तिला पॉलिश लावलेलं नाही. माझा हात गेला नाही.

काय गं? झालं का, म्हणून विचारतेस? नाही.

साडूच्या घरात दारातून आत आलं की एक लाकडी पायरी आहे. त्याने स्वतः केलेली, गोटी ठेवली तर जागची हलायची नाही इतकी सपाट. पहिल्यांदा घरी आला तेव्हा पोरगा तिच्यावर बसून बूट काढत होता. हात टेकला आणि म्हणाला, “बाबा, ही पायरी अशी कशी झाली?”

तुमच्या मावशीचे गुडघे गेली दहा वर्षं वाकत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मांडी घालूनसुद्धा बसता येत नाही तिला. साडू रंधा घेऊन आला होता. पण तिने हात धरला. म्हणाली, “राहू दे.”

गेल्या रविवारी गेलो होतो मी. पायपुसणं बाजूला केलं आणि बोटांनी बघितलं.

दोन खळगे आहेत.

डावा खोल. उजवा उथळ.