बेल लेनमधलं नववं घर

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता नगरपालिकेच्या माणसाने बेल लेनमधल्या सतरा नंबरच्या दारावर पिवळी नोटीस चिकटवली, तळहाताने दोनदा दाबली आणि तो निघून गेला. आत मिस्टर क्रॅडक बार्नबी ऑडलीच्या बुटाला नवी टाच बसवत होते. त्यांच्या ओठांत सहा खिळे होते, त्यामुळे नोटीस दिसली तरी ते काही बोलू शकले नाहीत.

वाचून दाखवली ती बार्नबीच्या बहिणीने, तेरा वर्षांच्या टॅम्झिनने. "इमारत धोकादायक आहे. भिंतीला हात लावू नये. ऐतिहासिक महत्त्व नाही. पाडून वाहनतळाला रस्ता काढणार. हरकती शुक्रवारी अकराच्या सभेत."

"मग तुमचं काय?" बार्नबीने विचारलं. तो दहा वर्षांचा होता आणि एका पायावर उभा होता, कारण दुसऱ्या पायातला बूट क्रॅडकांच्या मांडीवर होता.

क्रॅडकांनी खिळे हातावर काढले. "मला बाहेरच्या हमरस्त्यावर गाळा देतायत. टायरवाल्याच्या शेजारी. तिथे माणसं गाडीतून उतरतच नाहीत, मग बूट झिजणार कधी? आजोबांनी हे दुकान इथे थाटलं. मी याच माळ्यावर जन्मलो."

"पण घर तर केवढं जुनं आहे," विल्फ पास्क म्हणाला. तो टॅम्झिनच्या वर्गातला. "महत्त्व नाही कसं?"

"नुसतं जुनं असून भागत नाही, पोरा. इथे कोण होऊन गेलं ते सांगणारी निळी पाटी लागते. ती नऊ नंबरला आहे."

ती गोल निळी पाटी वॉल्डरिंग गावातल्या प्रत्येक मुलाला पाठ होती. हेस्टर पिम इथे राहत होती. १७९७ साली तिला आपल्या खिडकीतून मार्केट हॉलच्या छपरातून धूर निघताना दिसला. तिने धावत जाऊन चर्चची घंटा वाजवली आणि गाव वाचवलं. शाळेत दरवर्षी त्याचं नाटुकलं व्हायचं. विल्फने त्यात दोनदा धुराचं काम केलं होतं.

बुधवारी पाऊस होता. मे महिन्याच्या अखेरची आठवडाभराची सुट्टी, म्हणजे पाऊस असणारच. तिघे नऊ नंबरच्या चहाघरात वरच्या मजल्यावर खिडकीशी बसले. चहाघर मिसेस थ्रोसेल यांचं. गावच्या वारसा मंडळाच्या अध्यक्षही त्याच. तिथल्या स्कोनला, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या गोड पावाला, 'हेस्टरचा स्कोन' म्हणत आणि तो खरोखर चांगला असे.

स्कोनवर आधी क्रीम लावायचं की आधी जॅम, यावरून विल्फ आणि टॅम्झिनची जुंपली. बार्नबीने दोन्ही एकदम थापलं आणि तो बाहेर बघत बसला.

"मार्केट हॉल कुठंय?"

"मनोऱ्याच्या मागे," टॅम्झिन म्हणाली. "चर्च मध्ये येतं ना."

"मग हेस्टरला धूर दिसला कसा?"

विल्फचा घास हातातच राहिला. "तेव्हा मनोरा नसेल."

"विल्फ, ती घंटा वाजवायला त्याच मनोऱ्यात धावत गेली. दोन वर्षं तू तिच्या मागे मागे वळवळत होतास."

"मी धूर होतो. मला संवाद नव्हते."

चहाची किटली घेऊन आलेल्या मिसेस थ्रोसेल यांनी हे ऐकलं. "धूर वर चढतो, बाळांनो. मनोऱ्याच्याही वरून दिसला असेल."

"पाटीवर तर छपरातून निघताना दिसला असं लिहिलंय," बार्नबी म्हणाला.

"ती पाटी वीस वर्षं तिथे आहे. या खिडकीशी निम्मं गाव बसून गेलं. कुणाला शंका आली नाही."

"सगळे खात असतील," बार्नबी म्हणाला.

मिसेस थ्रोसेल यांनी किटली खाली ठेवली. भिंतीवर काचेत लावलेल्या पिवळट कागदाकडे त्यांनी बोट दाखवलं. तो हेस्टरच्या घराचा आगविमा होता: बेल लेन, घर क्रमांक ९, बिल्ला क्रमांक ४१८२६. वर नांगराचं चित्र, कंपनीची खूण.

"बिल्ला म्हणजे?" विल्फने विचारलं.

"विमा उतरवलेल्या घरावर कंपनी शिशाचा बिल्ला ठोकायची. बंब घेऊन आलेल्या माणसांना कळायला नको, कुठल्या कंपनीचं घर ते? त्यावर हाच नंबर असायचा. इथला कधीच चोरीला गेला असेल."

"किंवा इथे नव्हताच," टॅम्झिन जिना उतरताना हळूच म्हणाली.

लेनच्या तोंडाशी तिघे थांबले. विल्फ रोज सकाळी याच गल्लीत पेपर टाकायचा. "या बाजूला एक, तीन, पाच, सात," तो म्हणाला. "समोर दोन, चार, सहा. धुक्यातसुद्धा सांगेन."

"हे आत्ताचे नंबर," टॅम्झिन म्हणाली. "हेस्टरच्या वेळी एका बाजूने ओळीने दिले असतील तर? एक, दोन, तीन, चार?"

ते मोजत निघाले. मिसेस थ्रोसेल यांचं घर पाचवं भरलं. पुढे लोकरीचं दुकान, दाताचा दवाखाना, एक बंद घर. नववं घर आलं तेव्हा बार्नबीचं नाक पिवळ्या नोटिशीला टेकत होतं.

क्रॅडकांच्या माळ्यावर धुळीने भरलेली एक लहान खिडकी होती. विल्फने ती बाहीने पुसली. मनोरा पार डावीकडे राहिला होता. समोर मार्केट हॉलचं छप्पर, अख्खं, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्याच्या तुटक्या शेपटीसकट.

तिघे माळ्यावर इतके नाचले की खाली क्रॅडकांच्या चहात माती पडली.

"इमारत धोकादायक आहेच, तुम्ही ती आजच पाडा," ते खालून ओरडले.

टॅम्झिन खाली आली ती गंभीर होऊन. "हा फक्त अंदाज आहे. सभेत अंदाज चालणार नाही. मिस्टर क्रॅडक, भिंतीवर कुठे बिल्ला आहे का?"

"असला बिल्ला मी सत्तर वर्षांत पाहिला नाही. दाराच्या वर भिंतीला लाकडी बूट टांगलाय आणि त्याच्या मागे एक टेंगूळ आहे, बस्स."

"कसलं टेंगूळ?"

"पावाएवढं. दर पाच वर्षांनी मी त्याच्यावरून रंग मारतो. बाबाही मारायचे."

तिघे दाराकडे वळले. मग क्रॅडक स्वतःच म्हणाले, "अरे देवा."

रंग खरवडायची सोय नव्हती. भिंतीला हात लावायची मनाई होती आणि शिसं मऊ असतं. पण गेल्या शरदात शाळेने मुलांना चर्चमध्ये नेलं होतं. फरशीतल्या पितळी पाट्यांवर कागद पसरून, वर काळं मेण घासून त्यांनी त्यांवर कोरलेल्या सरदारांचे ठसे काढले होते.

"कागद आहे," टॅम्झिन म्हणाली. "तसलं मेण कुठे मिळेल?"

क्रॅडकांनी शांतपणे खण उघडला. "टाचेच्या कडेला लावायचं मेण ते. चर्चवाले माझ्याकडूनच नेतात."

विल्फने शिडी धरली. टॅम्झिन वर चढली, लाकडी बूट बाजूला सारला आणि घासू लागली. बार्नबी कोपऱ्यावर पहाऱ्याला. चार वाजून वीस मिनिटांनी तो धावत आला. "नोटीसवाला!"

"काय चाललंय इथे?" त्या माणसाने विचारलं.

"मिस्टर क्रॅडकांचा बूट वाकडा झालाय," बार्नबी म्हणाला. ते खरंच होतं.

"भिंतीला हात लावायचा नाही."

"हात नाही, कागद लावलाय," टॅम्झिन वरून म्हणाली. त्या माणसाला यावर नियम आठवला नाही. तो छत्री सावरत निघून गेला.

ठशात आधी नांगर उमटला. मग चार, एक, आठ, दोन. शेवटचा आकडा नुसता डाग.

"आठ आहे," विल्फ म्हणाला.

"सहा आहे."

"तुला सहा हवाय म्हणून सहा दिसतोय."

वाद क्रॅडकांनी मिटवला. नवे बूट ज्यात गुंडाळतात तो पातळ कागद त्यांनी दिला. तिसऱ्या खेपेला सहा उमटला, पोट आणि वरचा बाक सगळं स्पष्ट.

गुरुवारी सकाळी त्यांनी तो कागद मिसेस थ्रोसेल यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काचेतला विमा भिंतीवरून उतरवला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. मग त्या पाणी उकळायला ठेवायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

"रागावल्या," विल्फ कुजबुजला.

"पाटी मीच बसवली होती," परत येऊन त्या म्हणाल्या. "कागदावर नऊ होतं, माझ्या दारावर नऊ होतं. इतका आनंद झाला की मी खिडकीतून बाहेर बघितलंच नाही." त्यांनी तिघांना चहा ओतला. "उद्या बूट पॉलिश करून या."

शुक्रवारी नगरपालिकेच्या सभेत बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. सभेच्या अध्यक्षांनी मुलांकडे पाहून नकारार्थी मान हलवली: अठरा वर्षांखालील व्यक्तींची नावं यादीत घेता येत नाहीत. क्रॅडक टोपी हातात घेऊन मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

मिसेस थ्रोसेल उभ्या राहिल्या. "माझं नाव यादीत आहे. वीस वर्षं मी या गावाला चुकीचं घर दाखवलं. माझ्या तीन मिनिटांत ही मुलं ते दुरुस्त करतील."

टॅम्झिनने दोन मिनिटांत खिडकी, नंबर आणि बिल्ला मांडला. विल्फने ठसा आणि विमा सगळ्यांना दिसेल असे धरले. उरलेल्या मिनिटात बार्नबीने एकच विचारलं, "ऐतिहासिक महत्त्व नाही, हे कुणी तपासलं?"

नोटीसवाल्याने कागद चाळले. "घरावर पाटी नव्हती," तो म्हणाला. सभागृहात पहिल्यांदाच हशा पिकला.

अकरा विरुद्ध दोन मतांनी पाडकाम थांबवण्यात आलं, सरकारी निरीक्षक घर पाहीपर्यंत. अध्यक्षांनी खाली येऊन तिघांशी हस्तांदोलन केलं. "आमच्या खात्यात इतकं नीट काम झालेलं मी पाहिलं नाही," ते म्हणाले. क्रॅडक मागच्या बाकावरून पुढे आले. त्यांनी तिघांचे बूट पाहिले आणि विल्फचे झिजलेले होते म्हणून काढून घेतले. विल्फ मोज्यांवर घरी गेला.

शनिवारी मिसेस थ्रोसेल यांनी स्वतः स्क्रू फिरवून निळी पाटी काढली. नऊ नंबरच्या भिंतीवर आता चार भोकं आहेत. स्कोनचं नाव तेच आहे. निरीक्षकांचा निर्णय होईपर्यंत पाटी दुसरीकडे लावता येत नाही, म्हणून ती क्रॅडकांच्या फळीवर एक डावा बूट आणि पॉलिशचा डबा यांच्यामध्ये उभी आहे. पिवळी नोटीसही अजून दारावर आहे.

सोमवारी सकाळी निरीक्षकांचं पत्र आलं. ते नऊ जूनला येत आहेत. शिडी तयार ठेवावी, असं त्यात लिहिलं आहे, आणि शक्य असल्यास थोडं काळं मेण.